बंदिस्त हरणांचे छोटे शत्रू : गोमाशी, डास आणि चिलटे

पावसाळ्याचे दोन-तीन दमदार पाऊस झाले, की गोठ्यातील गाई-बैल सतत शेपट्या झाडू लागतात, कान फडफडवतात, पाय आपटतात. माश्यांचा हंगाम सुरू झाल्याची ही खूण पशुपालकांना चांगली परिचित आहे. प्राणिसंग्रहालयांतील हरणेही याच सुमारास चरणे सोडून एकमेकांना खेटून उभी राहतात. पाहणाऱ्याला तो कळपाचा स्वभाव वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येक जनावर चावऱ्या कीटकांपासून आपले अंग वाचवत असते. हा त्रास केवळ खाजेपुरता नसतो. काही माश्यांच्या दंशातून प्राणघातक रोगही पसरतात.

हरीणपालन परदेशात, भारतात मात्र मनाई

न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकापासून तांबड्या हरणांचे व्यावसायिक पालन सुरू झाले आणि आज तो देश या व्यवसायात आघाडीवर आहे. भारतात मात्र वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार चितळ, सांबर, काळवीट आदी प्राणी संरक्षित असून त्यांना पकडणे हा शिकारीचाच प्रकार मानला जातो. त्यामुळे गाई-शेळ्यांप्रमाणे हरणे पाळता येत नाहीत. आपल्याकडे बंदिस्त हरणांचा प्रश्न उद्भवतो तो प्राणिसंग्रहालये आणि मृगोद्याने यांत. छत्रपती संभाजीनगरात महापालिकेच्या सिद्धार्थ उद्यानातील प्राणिसंग्रहालयामुळे हा विषय शहरवासीयांच्या अगदी जवळचा आहे.

येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. सांबर व चितळ ही खरी हरणे असून त्यांच्या नरांची शिंगे गळून पुन्हा उगवतात. काळवीट व नीलगाय हे कुरंग गटातील प्राणी असून त्यांची शिंगे कायमची असतात. कीटकांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा ठरतो. उगवत्या शिंगांवर मखमलीसारखी, रक्तवाहिन्यांनी भरलेली नाजूक त्वचा असते. सांबराची शिंगे साधारणतः उन्हाळ्यात गळतात आणि नवी शिंगे पावसाळ्यात वाढतात. म्हणजे ही त्वचा सर्वांत कोवळी असते, तेव्हाच माश्यांची संख्याही शिगेला पोहोचलेली असते.

कोणता कीटक, कोणता धोका?

सर्व माश्या सारख्या नसतात. घरमाशी चावत नाही. मात्र ती डोळ्यांतील पाण्यावर व जखमांवर बसून जंतू पसरवते. तिच्यासारखीच दिसणारी, परंतु पुढे आलेल्या टोकदार सोंडेने रक्त शोषणारी माशी म्हणजे स्टोमॉक्सिस. तिचे नर व मादी दोन्ही चावतात आणि प्रामुख्याने पायांवर हल्ला करतात. शेण व मूत्र मिसळलेला कुजका चारा हे तिचे आवडते अंडी घालण्याचे ठिकाण.

गोमाशी, म्हणजे टॅबॅनस गटातील मोठी माशी, भर दिवसा हल्ला करते. तिची फक्त मादीच रक्त पिते. दंश वेदनादायक असल्याने जनावर तिला झटकते आणि ती अर्धवट राहिलेले रक्त पिण्यासाठी लगेच शेजारच्या जनावरावर जाऊन बसते. रोग पसरण्याचे मूळ या सवयीतच आहे. तिच्या अळ्या ओढे, तळी व डबक्यांच्या काठच्या ओल्या चिखलात वाढतात.

क्युलिकॉइडिस जातीची चिलटे अवघी एक ते तीन मिलिमीटर लांबीची असतात. ती मुख्यतः सायंकाळी व पहाटे चावतात. मेंढ्यांमध्ये तीव्र स्वरूप धारण करणारा नीलजिव्हा रोग त्यांच्यामार्फत पसरतो आणि त्याची लागण हरणांनाही होऊ शकते. भारतात या रोगाची पहिली नोंद १९६४ मध्ये महाराष्ट्रातच झाली होती. अमेरिकेतील हरीणपालकांना याच चिलटांमुळे होणाऱ्या रक्तस्रावी रोगाने वेळोवेळी मोठे नुकसान सोसावे लागले आहे.

याखेरीज काही माश्या उघड्या जखमेत अंडी घालतात. नरांच्या झुंजीत झालेली किंवा कुंपणाच्या तारेने पडलेली लहानशी जखमही अशा वेळी जिवावर बेतू शकते. कारण अळ्या जिवंत मांस पोखरत आत शिरतात. जखमेत ‘किडे पडणे’ असे ग्रामीण भागात म्हणतात, ते हेच.

सर्रा : हरणाकडून वाघापर्यंत

चावऱ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या रोगांत प्राणिसंग्रहालयांना सर्वाधिक धास्ती वाटते ती सर्रा या रोगाची. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या रक्तातील परजीवीमुळे तो होतो. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाने १८८० मध्ये तत्कालीन पंजाब प्रांतातील आजारी घोडे व उंटांच्या रक्तात हा परजीवी शोधून काढला. गोमाशी व स्टोमॉक्सिस यांच्या सोंडेला लागलेल्या रक्तातून तो एका जनावरातून दुसऱ्यात जातो.

गुरे व अन्य खुरी प्राण्यांमध्ये हा परजीवी अनेकदा फारशी लक्षणे न दाखवता दीर्घकाळ टिकून राहतो. घोडे, उंट, कुत्रे आणि मार्जारकुळातील प्राणी मात्र त्याला लवकर बळी पडतात. ओडिशात भुवनेश्वरजवळील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात जुलै २००० मध्ये या रोगाच्या प्रादुर्भावात १२ वाघ दगावले. त्यांत पांढऱ्या वाघांचाही समावेश होता. या घटनेने देशभरातील प्राणिसंग्रहालये हादरली. एकाच आवारात हरणे व वाघ ठेवणाऱ्या कोणत्याही संस्थेला यातून घेण्याजोगा धडा स्पष्ट आहे : हरणांच्या आवारातील माशी ही केवळ हरणांची समस्या नसते.

माणसाला हा परजीवी सहसा बाधत नाही. तथापि, चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला २००४ मध्ये त्याची लागण झाल्याचे सिद्ध झाले. परजीवीला मारणारे रक्तातील एक विशिष्ट प्रथिन त्याच्या शरीरात नसल्याचे पुढे तपासणीत दिसून आले. उपचारांनंतर तो बरा झाला.

लम्पीचा अनुभव

कीटकांमुळे रोग किती वेगाने पसरतो, हे महाराष्ट्राने २०२२ मध्ये अनुभवले. जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात चिनावल येथे ऑगस्टमध्ये लम्पी त्वचारोगाची नोंद झाली आणि अल्पावधीत तो मराठवाड्यासह राज्याच्या बहुतेक भागांत पोहोचला. हा रोग मुख्यतः गोवंशाचा असून चावऱ्या माश्या, डास व गोचीड त्याचे वाहक मानले जातात. लसीकरणासोबत गोठ्यांची स्वच्छता व फवारणी यांवर त्या वेळी भर द्यावा लागला, तो याच कारणासाठी.

हरणाला हात लावणेच धोक्याचे

गाईच्या अंगाला औषध चोळता येते, म्हशीला धुता येते. हरणाच्या बाबतीत ते शक्य नसते. हरीण अतिशय भित्रे असते. त्याला पकडण्यासाठी पाठलाग केल्यास अतिश्रम व भीती यांमुळे स्नायूंची गंभीर हानी होते आणि काही तासांत किंवा दिवसांत ते मरूही शकते. बेशुद्ध करण्यातही धोका असतोच. म्हणूनच बंदिस्त हरणांच्या संरक्षणात औषधापेक्षा परिसर-व्यवस्थापनाला अधिक महत्त्व आहे.

अनुकूल हवामानात घरमाशीचे अंडे ते माशी हे जीवनचक्र आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. स्टोमॉक्सिसला त्याहून थोडा अधिक काळ लागतो. लेंड्या, ओला चारा व गाळ आठवड्यातून किमान दोनदा उचलला, तर बहुतेक अळ्यांना माशी होण्याची संधीच मिळत नाही. उचललेला कचरा मात्र आवाराच्या मागे टाकून चालत नाही. तो झाकलेल्या खड्ड्यात कुजवावा लागतो. तेथील उष्णतेने अळ्या मरतात. चारा जमिनीवर न टाकता गव्हाणीत द्यावा, पाण्याच्या टाकीभोवती चिखल साचू देऊ नये आणि पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी चर काढावेत, ही साधी पथ्येही मोठा परिणाम साधतात.

सांबराला चिखलात लोळण्याची सवय असते. अंगावर वाळलेला चिखलाचा थर कीटकांपासून त्याचे नैसर्गिक रक्षण करतो. त्यामुळे सांबराच्या आवारात लोळणीची जागा असणे उपयुक्त असते. मात्र तिचे पाणी वेळोवेळी बदलावे लागते, अन्यथा तीच डासांची पैदास-जागा होते. दाट सावलीचा निवारा, वारा खेळता राहील अशी रचना, तसेच निळ्या व काळ्या कापडाचे माशी-सापळे यांचाही उपयोग होतो. चिलटे दुबळी उडणारी असल्याने वाऱ्याच्या झोतात ती टिकत नाहीत. गायबगळे व कोतवाल हे पक्षी माश्या टिपतात; त्यांना हुसकावण्याचे कारण नाही.

धूर करण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. मराठवाड्यात गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करतात. उत्तर ध्रुवाजवळ रेनडिअर पाळणारे लोकही डासांच्या हंगामात कळपासाठी धुम्या पेटवतात. तथापि, धूर सौम्य व उघड्यावर असावा. कोंडलेल्या जागी तो जनावरांच्या श्वसनाला अपायकारक ठरतो.

रासायनिक कीटकनाशकांचा वापर पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच व्हावा. डेल्टामेथ्रिन व सायपरमेथ्रिन ही औषधे माश्यांवर प्रभावी असली, तरी मासे व मांजरांसाठी विषारी असतात. त्यामुळे पाणवठे, चारा आणि मार्जारकुळातील प्राण्यांचे पिंजरे यांच्याजवळ विशेष दक्षता आवश्यक असते. एकच औषध वारंवार वापरल्यास माश्या त्याला दाद देईनाशा होतात.

शहराचाही वाटा

प्राणिसंग्रहालयाची भिंत माशीला अडवत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव येथील कचरा डेपोला ग्रामस्थांनी विरोध केल्यानंतर छत्रपती संभाजीनगरात कित्येक आठवडे रस्तोरस्ती कचऱ्याचे ढीग साचले होते. असे ओले ढीग म्हणजे माश्यांचे कारखानेच. शहरातील प्राण्यांसाठी मिटमिटा परिसरात प्रशस्त सफारी पार्क उभारण्याचा प्रकल्प महापालिकेने हाती घेतला. जागा मोठी झाली, तरी सांडपाणी, चाऱ्याची साठवण, शेणखताचे खड्डे आणि हरणे व मांसाहारी प्राणी यांच्यातील अंतर यांचा विचार आराखड्यातच करावा लागतो.

उद्यानात येणारे नागरिकही आपल्या परीने हातभार लावू शकतात. खाद्यपदार्थ व उष्टे हरणांच्या आवारात टाकू नये. एखादे जनावर सतत डोके झटकत असेल, कळपापासून दूर उभे असेल किंवा त्याच्या जखमेवर माश्या घोंगावत असतील, तर ही बाब कर्मचाऱ्यांच्या निदर्शनास आणून द्यावी. जखमेतील अळ्या पहिल्या दिवशी दिसल्या, तर जनावर सहसा वाचते. आठवड्याने दिसल्या, तर बहुधा उशीर झालेला असतो.