नागपूजा आणि नागपालन

नागपंचमीविषयीं लिहितांना पुष्कळ लेखक असें गृहीत धरून चालतात कीं, ज्या देशांत नागाची पूजा होते त्या देशांतील लोक नागास हौसेनें घरांतही बाळगीत असले पाहिजेत. परदेशी प्रवाशांनीं गारुड्याची टोपली पाहून हा ग्रह करून घेतला व आमच्यांतील कांहीं सुशिक्षितांनीं तो तसाच उचलला. आमच्या मतें पूजा आणि पालन या दोन परंपरा मुळांतच भिन्न आहेत.

प्रथम गृह्यसूत्रें पहावीं. श्रावणी पौर्णिमेस सर्पबलि द्यावयाचा व तेथून मार्गशीर्षी पौर्णिमेपर्यंत तो चालू ठेवावयाचा, असा विधि त्यांत आहे. या काळांत गृहस्थानें उंच शय्येवर निजावें आणि मार्गशीर्षांत पुन्हां भूमीवर उतरावें. या उतरण्याच्या विधीचें नांवच प्रत्यवरोहण. बिळांत पाणी शिरून सर्प बाहेर पडतात तेच हे महिने. विधीचा सारा रोख सर्पानें आपल्या वाटेनें जावें आणि आम्हांस आमच्या वाटेनें जाऊं द्यावें, एवढाच दिसतो. त्यास तह म्हणावें. स्नेह म्हणण्यास आधार नाहीं.

सर्प बाळगणारे लोक प्राचीन काळींही होते, परंतु तो धंदा होता. अमरकोशांत व्यालग्राही व अहितुंडिक हे शब्द येतात. मुद्राराक्षसाच्या दुसऱ्या अंकांत राक्षसाचा हेर विराधगुप्त गारुड्याच्या वेषानेंच त्याच्या भेटीस येतो. घरोघर फिरणारा, पोटासाठीं सर्प खेळविणारा असा हा मनुष्य. गृहस्थानें हौसेनें नाग पाळावा असें सांगणारें शास्त्रवचन आमच्या पाहण्यांत नाहीं.

आतां आमच्या पुणें जिल्ह्याकडे वळूं. भोर तालुक्यांतील भोंगवलीसारख्या गांवीं देशावरील इतर गांवांप्रमाणेंच पंचमीस नांगर धरीत नाहींत, जमीन खणीत नाहींत, चिरणें-तळणें वर्ज्य करून पुरणाचीं दिंडें उकडतात. पाटावर गंधानें नाग काढावा किंवा मातीचा करावा, त्यास लाह्या-दूध वाहावें, स्त्रियांनीं वारुळास जाऊन यावें. वारुळ उकरून नाग घरीं आणणें या आचारांत बसतच नाहीं. भाषाही हेंच सांगते. रात्रीं सापाचें नांव न घेतां 'जनावर' म्हणावयाचें. दंश झाला तर 'पान लागलें' म्हणावयाचें. ज्याचें नांव उच्चारण्यासही जीभ अडखळते त्यास उशाशीं कोण ठेवील? (दुधाविषयीं सांगावयाचें तर, सर्पास पवनाशन असेंही म्हटलें आहे. दूध हें सर्पाचें अन्न नव्हेच.)

ही भीति निराधार नाहीं. सुश्रुतानें कल्पस्थानांत सर्पांचे दर्वीकर, मंडली, राजिमान्, निर्विष व वैकरंज असे पांच वर्ग केले. पहिल्या तिहींत फणेचा नाग, ठिपक्यांची घोणस आणि पट्ट्यांचा मण्यार सहज ओळखूं येतात. त्यांत फुरसें मिळविलें कीं आजच्या प्रतिविष लशीचे चारही सर्प झाले. मंत्र घालीत बसण्यांत शेतकऱ्याची जी घटका जाते, तीच पुष्कळदां त्याच्या प्राणांची असते. निर्विष धामण मात्र उंदीर खाऊन धान्य राखते, आणि गाईचें दूध पिते या खोट्या आळावरून मारली जाते.

या सर्वांस एक मोठा अपवाद पुढें केला जातो. सांगली जिल्ह्यांतील बत्तीस शिराळ्यास लोक पंचमीपूर्वीं जिवंत नाग धरीत, मडक्यांत ठेवीत, पूजा व मिरवणूक झाल्यावर पुन्हां रानांत सोडीत. तेथील दंतकथा अशी कीं, गोरक्षनाथ महाजनांच्या दारीं भिक्षेस आले असतां घरची गृहिणी मातीच्या नागाच्या पूजेंत गुंतली होती. भिक्षेस उशीर झाला. नाथांनीं कारण विचारलें आणि तो मातीचा नाग जिवंत केला. दंतकथा म्हणजे अस्सल कागद नव्हे, हें आम्ही जाणतों. तथापि ती काय गृहीत धरते तें पहावें. मातीचा नाग आधींचा; जिवंत नाग पूजेंत येण्यास सिद्धाचा चमत्कार लागला. म्हणजे अपवादाची कथाच नियमाची साक्ष देते.

शिराळकरांस सरसकट क्रूर ठरविणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. धरलेला नाग परत सोडणें हा त्यांच्या आचाराचा भागच होता, आणि सर्प हाताळण्याचें त्यांचें कसब थोर होतें. परंतु पुढें नागाची फणा किती उंच उभी राहते याच्या स्पर्धा लागल्या, बक्षिसें आलीं, गर्दी लोटली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सर्प धरणें व बाळगणें यांवर निर्बंध आले होते. २००२ सालीं मुंबई उच्च न्यायालयांत याचिका झाली आणि २०१४ मध्यें न्यायालयाच्या आदेशानें जिवंत नागांची मिरवणूक थांबली. २०२५ सालीं केंद्र सरकारनें एकवीस नाग धरण्यास अनुमति दिली ती लोकशिक्षणापुरती. धर्म बुडाला अशी ओरड त्या सुमारास झाली. ओरड करणाऱ्यांनीं आपल्याच गांवची गोरक्षनाथांची कथा नीट ऐकली असती तर बरें होतें. बंदीनंतर शिराळ्यांत पूजेस व मिरवणुकीस नागाच्या प्रतिमा आल्या, म्हणजे नाथ दारीं येण्यापूर्वीं महाजनांच्या घरीं जें चाललें होतें तेंच.