तरंगत्या बर्फावरील धावपट्टी

विमानोड्डाणाच्या इतिहासात वैमानिकाचे नाव उरते. धावपट्टी मात्र तेथे आधीपासून होतीच, असे आपण गृहीत धरतो. १९३४ सालच्या ‘चेल्युस्किन’ प्रकरणात हे गृहीतक टिकत नाही.

उत्तर सागरी मार्गाने निघालेले हे सोव्हिएत जहाज बर्फात अडकले आणि १३ फेब्रुवारी १९३४ रोजी चुकची समुद्रात बर्फाच्या दाबाने फुटून बुडाले. एक जण दगावला. उरलेली १०४ माणसे तरंगत्या बर्फावर उतरली. त्यांत दहा स्त्रिया आणि दोन लहान मुली होत्या. गणितज्ञ ऑटो श्मिट त्यांचे नेते होते. सुटकेचा मार्ग आकाशातूनच होता. पण विमान उतरणार कोठे?

बर्फ दुरून सपाट दिसतो, प्रत्यक्षात तो उंचवट्यांनी आणि भेगांनी भरलेला असतो. त्यातच स्कीवर उतरणाऱ्या विमानाला ब्रेक नसतो; वेग जिरवायला लांब, मोकळी जागाच लागते. ती जागा छावणीतील माणसांनी उंचवटे फोडून आणि तुकडे ओढून नेऊन तयार केली. बर्फ सरके, पट्टी दुभंगे, आणि काम नव्याने सुरू होई. ५ मार्चला अनेक फसलेल्या प्रयत्नांनंतर ल्यापिदेव्स्की यांनी सुमारे ४०० मीटर लांबीच्या पट्टीवर आपले विमान उतरवले आणि स्त्रिया व मुलींना सुखरूप नेले.

पुढची सुटका एप्रिलमध्ये झाली. कामानिन आणि मोलोकोव्ह यांची ‘आर-५’ विमाने लहान, दोन आसनी होती. त्यांच्या पंखांखालच्या सामानाच्या पेट्यांतही माणसे झोपवून नेण्यात आली. ७ एप्रिलला स्लेप्न्योव्ह यांचे विमान उतरताना उंचवट्यांवर आदळून नादुरुस्त झाले. पट्टी किती अपुरी होती, हे त्यावरून कळते. १३ एप्रिलला छावणी रिकामी झाली.

तीनच दिवसांनी ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब निर्माण करण्यात आला. तो प्रथम सात वैमानिकांना मिळाला. त्यांपैकी लेव्हानेव्स्की यांना छावणीतून एकालाही बाहेर काढता आले नव्हते. बर्फ फोडणाऱ्यांचाही सन्मान झाला, पण ‘रेड स्टार’ या पदकाने.

हा अन्याय होता, असे सरसकट म्हणता येणार नाही. वैमानिकांनी जीव पणाला लावला होता. परंतु वीरगाथेला एक चेहरा हवा असतो, आणि सत्तेला तो छायाचित्रात बसणारा हवा असतो. कुदळ चालवणाऱ्या शंभर हातांना तसा एकच चेहरा नसतो. म्हणून असे वृत्तान्त वाचताना ‘कोण उतरले’ एवढ्यावर न थांबता ‘कोणी उतरू दिले’ हेही विचारावे. ‘चेल्युस्किन’पुरते त्याचे उत्तर असे : ज्यांना वाचवायचे होते, त्यांनीच.