अंगणातला पाहुणा

आमच्या अंगणातला गुलमोहर वडिलांनी लावलेला, कुंपणापासून जेमतेम पाच हातांवर. मला तो इथलाच वाटे. पण हे झाड मूळचं मादागास्करचं. बोजर या वनस्पतिशास्त्रज्ञाला ते तिथे आढळलं आणि १८२९ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकात हूकर यांनी त्याचं सचित्र वर्णन छापलं. पुढे हौसेनं ते आपल्याकडेही रस्तोरस्ती लागलं. शोभा सगळ्यांनी पाहिली, मुळं कुणी पाहिली? ती उथळ पसरतात, लाकूडही ठिसूळ. एका जुलैत आमचा गुलमोहर मुळासकट शेजाऱ्यांच्या ओट्यावर आडवा झाला. माणसं वाचली, बोलणं मात्र बंद झालं. आता कुंपणापासून वीस फूट सोडून ताम्हण लावलंय, आपल्याच ओढ्याकाठचं, राज्यपुष्पाचा मान असलेलं. यंदा मे महिन्यात जांभळा तुरा आला, तेव्हा शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन उभ्या होत्या.