बागबाजार
बागबाजार : उत्तर कोलकात्यातील हुगळीकाठची जुनी वस्ती व पर्यटनस्थळ. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने 1742 मध्ये खोदायला घेतलेला ‘मराठा खंदक’ याच भागातून सुरू होई. शहरावर मराठ्यांचा हल्ला झालाच नाही. खंदक अपुरा राहिला आणि पुढे बुजवला गेला. मराठा डिच लेन या गल्लीच्या नावात त्याची खूण उरली आहे. येथील बलराम बसू यांच्या घरी 1 मे 1897 रोजी रामकृष्ण मिशनची स्थापना झाली. भगिनी निवेदितांनी 1898 मध्ये येथे मुलींची शाळा काढली. रामकृष्ण परमहंसांच्या पत्नी शारदादेवींचे 1909 पासूनचे निवासस्थान ‘मायेर बाडी’ भाविक आवर्जून पाहतात. नवीनचंद्र दास यांनी 1868 च्या सुमारास बागबाजारात रसगुल्ला लोकप्रिय केला. मळलेल्या छेन्याचे गोळे उकळत्या पाकात फुगून जाळीदार होतात. येथील सार्वजनिक दुर्गापूजेत विजयादशमीला सुवासिनी एकमेकींना कुंकू लावून ‘सिंदूरखेला’ खेळतात. लगतच्या कुमारटुलीत मूर्तिकार गवताच्या सांगाड्यावर गाळाची माती लिंपताना दिसतात. दुर्गापूजेआधीचे आठवडे हे काम पाहण्यासाठी सर्वांत सोयीचे. सर्क्युलर रेल्वेचे स्थानक बागबाजार घाटाजवळच आहे.