पुलांचा आणि वक्फांचा मुलूख : बोस्नियाची चार शहरे

युरोप म्हटला की लंडन, पॅरिस, रोम ही शहरे आपल्या नजरेसमोर येतात. इस्लामी संस्कृतीच्या खुणांचा विषय निघाला तर आपण कुर्तुबा आणि गरनाताची नावे घेतो, हळहळतो आणि तिथेच थांबतो. पण त्याच युरोपच्या आग्नेय भागात, बाल्कन प्रदेशात, बोस्निया-हर्झेगोव्हिना नावाचा एक छोटा देश आहे. तिथल्या गल्ल्यांत साडेपाचशे वर्षांपासून अजान ऐकू येते. तिथे आजही मोहल्ल्याला ‘महाला’, मकतबला ‘मेक्तेब’ आणि वक्फला ‘वाकुफ’ म्हणतात.

आपल्यापैकी बहुतेकांना बोस्निया ठाऊक झाला तो १९९२ ते १९९५ च्या युद्धामुळे. त्या वर्षांत जुम्याच्या नमाजनंतर बोस्नियासाठी दुआ मागितली जाई, असे आमच्या घरातील वडीलधारी सांगतात. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. ‘हा वंशसंहारच होता’ असा निर्वाळा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ साली दिला. हे विसरता येणार नाही, विसरूही नये. परंतु एखाद्या माणसाची ओळख केवळ त्याच्या जखमेवरून करून घेणे हा त्याच्यावर अन्यायच असतो. देशाचेही तसेच आहे. म्हणून बोस्नियाला जाणाऱ्याने कोणती शहरे पाहावीत आणि का, हे इतिहासाच्या अंगाने सांगण्याचा हा प्रयत्न आहे. मी ती पाहिली आहेत ती पुस्तकांतून आणि नकाशांवरून, हे आधीच कबूल करते.

सारायेव्हो

उस्मानी तुर्कांनी बोस्नियाचे राज्य जिंकले ते इ.स. १४६३ मध्ये. पण सारायेव्होचा परिसर त्याआधीच त्यांच्या ताब्यात होता. तिथला सुभेदार ईसा बेग इसहाकोविच याने मिल्यात्स्का नदीवर पूल बांधला, मशीद, हम्माम आणि मुसाफिरांसाठी सराय उभारली. त्यांच्या खर्चासाठी त्याने १४६२ मध्ये वक्फनामा लिहून दिला. शहराचे नावही त्या काळाची आठवण सांगते. ‘सराय’ म्हणजे वाडा आणि ‘ओवा’ म्हणजे मैदान. सराय-ओवाचे सारायेव्हो झाले.

शहराला खरा आकार दिला तो गाझी खुसरौ बेग याने. १५४१ मध्ये तो वारला, पण त्याची मशीद, १५३७ चा मदरसा आणि दगडी छताचा बाजार अजून उभे आहेत. मदरशाच्या बांधकामातून उरलेल्या पैशांतून किताबे विकत घ्यावीत, अशी तरतूद त्याने वक्फनाम्यात केली. त्या एका कलमातून पुढे मोठा कुतुबखाना उभा राहिला. त्याची हकिगत शेवटी सांगते.

बाश्चार्शिया या जुन्या बाजारात लाकडी सबील आहे. मोहर्रममधली सबील आपल्याला परिचित आहे. ही मात्र बारमाही. जवळच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर चांद्र पद्धतीने वेळ दाखवली जाते, म्हणजे मगरिबच्या वेळी त्यात बारा वाजतात. तिथून थोडेसे चालले की जुने ऑर्थोडॉक्स चर्च, सोळाव्या शतकातले सिनेगॉग आणि कॅथलिक कॅथेड्रल लागते. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले यहुदी उस्मानी राज्यात आले आणि त्यांतील काही इथे स्थिरावले.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. एकदा वर्गात फळ्यावर बोस्नियन भाषेतले काही शब्द लिहिले : जेप, शेचेर, सापुन, पेंजेर. मुलांनी पहिले तीन पटापट ओळखले. जेब, शक्कर, साबण! ‘पेंजेर’ला मात्र सगळा वर्ग ‘पिंजरा’ म्हणाला. तिथे त्याचा अर्थ खिडकी. खिडकीची जाळी आणि पक्ष्याचा पिंजरा यांतले साम्य सांगितल्यावर मुले हसली. बोस्नियन ही स्लाव्ह कुळातली भाषा, पण जेप, शेचेर, सापुन हे शब्द तिथले ख्रिस्ती शेजारीही रोज वापरतात, जसे आपल्याकडे ‘खिसा’ आणि ‘साबण’ हे शब्द वापरताना त्यांचे मूळ कोणी विचारत नाही.

मोस्तार

सारायेव्होहून रेल्वेने सुमारे दोन तासांत, नेरेत्वा नदीच्या काठाकाठाने मोस्तारला पोहोचता येते. शहराचे नाव पुलाच्या पहारेकऱ्यांवरून पडले. सुलतान सुलेमानच्या हुकुमावरून थोर वास्तुकार सिनानचा शिष्य मिमार खैरुद्दीन याने इथे एकाच कमानीचा दगडी पूल बांधला. ‘कुदरत केमेरी’, म्हणजे कुदरतीची कमान, या शब्दांतून त्याची तारीख निघते असे सांगतात. अब्जदच्या हिशेबाने काफ, दाल, रे, ते यांचे ७०४ आणि काफ, मीम, रे, ये यांचे २७०. बेरीज ९७४ हिजरी, म्हणजे इ.स. १५६६-६७. शायराने दोन शब्दांत पुलाचा जन्मदाखला लिहून ठेवला!

सव्वाचारशे वर्षे हा पूल सर्वांचे ओझे वाहत राहिला. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी क्रोएट सैन्याच्या तोफांनी तो नदीत पाडला. त्याआधीच्याच वर्षी याच शहरात क्रोएट आणि मुस्लिम खांद्याला खांदा लावून सर्ब फौजांशी लढले होते. युद्ध माणसाला इतक्या लवकर बदलते.

पाण्यातून वर काढलेले दगड पुन्हा वापरण्याजोगे राहिले नव्हते. म्हणून त्याच खाणीतला, ‘तेनेलिया’ जातीचा दगड आणून जुन्या पद्धतीने नवा पूल बांधला गेला. खर्चात तुर्कस्तान, इटली, नेदरलँड्स यांच्याबरोबर क्रोएशियानेही वाटा उचलला. २३ जुलै २००४ रोजी पूल खुला झाला आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोने तो जागतिक वारसा म्हणून नोंदवला. तरुण आजही त्यावरून नेरेत्वेच्या थंड पाण्यात उड्या मारतात. शहरातली मने मात्र पुलाइतक्या लवकर जोडली गेली नाहीत. शाळेत एकाच इमारतीत दोन वेगळे अभ्यासक्रम शिकवले जातात, हे वाचून शिक्षिका म्हणून मी फार अस्वस्थ झाले.

विशेग्राद

पूर्वेला द्रिना नदीवर विशेग्राद आहे. इथला अकरा कमानींचा पूल स्वतः सिनानने १५७१ ते १५७७ या काळात बांधला. बांधून घेतला तो वजीरे आजम मेहमद पाशा सोकोलोविच याने. तो याच भागातल्या ख्रिस्ती सर्ब घरातला. लहानपणी उस्मानी अधिकाऱ्यांनी त्याला आईबापांपासून तोडून इस्तंबूलला नेले होते. तो मुसलमान झाला, तीन सुलतानांचा वजीर झाला, पण आपला गाव विसरला नाही. या व्यवस्थेत एका आईचे दुःख होते, हेही आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

या पुलावर इव्हो आंद्रिच यांनी कादंबरी लिहिली. १९६१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आणि १९९२ मध्ये याच पुलावर विशेग्रादच्या मुस्लिम रहिवाशांना मारून द्रिनेत फेकण्यात आले. पाहुण्याने पुलाचे सौंदर्य पाहावे, पण क्षणभर थांबून त्यांच्यासाठी फातेहाही पढावा.

बान्या लुका

उत्तरेकडच्या या शहरात १५७९ मध्ये फरहाद पाशाने ‘फरहादिया’ मशीद बांधली. ७ मे १९९३ रोजी ती सुरुंग लावून उडवण्यात आली. त्या काळात शहरातल्या सोळाही मशिदी गेल्या. ढिगाऱ्यातले दगड उचलून कचराडेपोत टाकले गेले. लोकांनी ते शोधून काढले, ओळखले आणि सापडलेले दगड पुन्हा भिंतीत बसवले. बरोबर २३ वर्षांनी, ७ मे २०१६ रोजी, फरहादिया पुन्हा उघडली. फोचा गावची अलाजा मशीदही अशीच २०१९ मध्ये पुन्हा उभी राहिली.

पुन्हा सारायेव्हो

आता राहिलेली किताबांची हकिगत. ऑगस्ट १९९२ मध्ये वेढा घातलेल्या सर्ब फौजांनी सारायेव्होच्या राष्ट्रीय ग्रंथालयावर आग ओकली. सुमारे १५ लाख ग्रंथांपैकी बहुसंख्य जळाले. खुसरौ बेगच्या कुतुबखान्यातल्या दहा हजारांहून अधिक हस्तलिखितांवरही तीच वेळ आली असती. पण तिथल्या कर्मचाऱ्यांनी गोळीबारातून ती हलवली. एकदा नव्हे, आठ वेळा! आज ती २०१४ मध्ये उघडलेल्या नव्या इमारतीत आहेत.

याच शहरात ‘हग्गादा’ नावाची यहुद्यांची चौदाव्या शतकातली सचित्र पवित्र पोथी आहे. १९४२ मध्ये जर्मन सेनाधिकारी ती मागायला आला, तेव्हा संग्रहालयाचे मुस्लिम ग्रंथपाल दरविश कोरकुत यांनी जिवावर उदार होऊन ती लपवली. १९९२ मध्ये गोळ्यांच्या वर्षावात तिला पुन्हा वाचवणाऱ्यांत प्राध्यापक अन्वर इमामोविच होते. दुसऱ्यांच्या दीनाची किताब वाचवण्यासाठी जान धोक्यात घालणारे हे आपले दीनी भाऊ. बोस्नियाच्या वेदनेबरोबर ही गोष्टही आपल्या मुलांना सांगितली पाहिजे.

आमच्या तालुक्याच्या गावी एक जुना कुतुबखाना आहे. गेल्या वर्षी मुलांना घेऊन गेले, तर कपाट उघडताच वाळवीची माती हातावर आली. तिथे ना तोफा आल्या होत्या, ना वेढा पडला होता. खुसरौ बेगने वक्फनाम्यात किताबांसाठी एक कलम लिहिले आणि ते जपणारी माणसे पिढ्यान्पिढ्या त्याला मिळाली. वक्फ करणारे आपल्याकडेही होऊन गेले. जपणारे आपण आहोत का, एवढाच सवाल आहे.

त्या दिवशी मुलांनी धूळ झटकून २१ किताबे बाहेर काढली आणि उन्हात ठेवली. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो.