पितळी डबी आणि भिस्ती

मागच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी सपोर्टवर होतो. क्लायंट अमेरिकेत, त्याला कसली आलीय दिवाळी! प्रत्येकाच्या टेबलावर एचआरने एक खोका ठेवला होता: दोन काजूकतल्या, एक पणती आणि साहेबांच्या छापील सहीचं कार्ड. पणती ऑफिसात लावू नये, अशी मेलही पाठोपाठ आली :) सर्व्हर शहाण्यासारखा चालत होता, म्हणून वाचत बसलो आणि वाचता वाचता 1914च्या नाताळातल्या एका डबीपाशी पोचलो.

पहिलं महायुद्ध सुरू होऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. ब्रिटनची राजकन्या मेरी 17 वर्षांची. तिच्या नावाने निधी गोळा झाला आणि सैनिकांना, खलाशांना नाताळभेट म्हणून एकेक पितळी डबी द्यायचं ठरलं. झाकणावर राजकन्येचा चेहरा. भेटीत तंबाखू, सिगारेटी, पाईप, लायटर, शुभेच्छांचं कार्ड. न ओढणाऱ्यांना लिहायचं साहित्य नि आंबटगोड गोळ्या.

इथवर सोपं होतं. पण फ्रान्सच्या खंदकांत त्या थंडीत मीरत आणि लाहोर या दोन हिंदी डिव्हिजनही होत्या. त्यांचा सणच नव्हता हा, तरी भेट द्यायची होतीच. मग समितीने जे ठरवलं ते वाचून मला आमचे स्पेक आठवले. गुरखे: गोऱ्यांसारखीच भेट. शीख: सिगारेट नको, डबीत खडीसाखर, सोबत मसाल्याची पत्र्याची डबी आणि कार्ड. बाकीचे हिंदी सैनिक: सिगारेटी, खडीसाखर, मसाला, कार्ड. चक्क स्विच-केस की हो!

आधी हसलो. मग वाटलं, लंडनमध्ये बसून कुणीतरी एवढा विचार केला, हे काही कमी नाही. चिखलात उभं राहून जर्मनांच्या गोळ्या चुकवणाऱ्या माणसाला मसाल्याच्या वासाने काय वाटलं असेल! तो डबी उघडून नुसती हुंगत बसला असेल, असं आपलं मला वाटतं.

पण यादीत आणखी एक ओळ आहे. भिस्ती. पखालीने पाणी पोचवणारे, आणि त्यांच्याच नावाखाली फौजेबरोबरचे इतर नोकरचाकरही. त्यांना मसाल्याची डबी आणि कार्ड. बस्स. खडीसाखर नाही, सिगारेट नाही. शिखांचं समजू शकतो, तिथे धर्म होता. भिस्त्याच्या खडीसाखरेला कुठला धर्म आड येत होता? शिवाय पाणी न्यायचं तर तिथेच, जिथे तहानलेले सैनिक.

पहाटे चारला चहासाठी खाली उतरलो. गेटवर वॉचमनकाका मफलर गुंडाळून बसले होते. विचारलं, "काका, खोका मिळाला का?"

"ते तुम्हा लोकांचं, साहेब. आमचं एजन्सीकडून असतं."

एजन्सीकडून काय आलं, ते काही मी विचारलं नाही.