खबर देणारा पिवळा दिवा

इंजेक्शनची गाडी चालू होत नाही तेव्हा मालकाची नजर आधी मीटरवरच्या पिवळ्या इंजिनच्या दिव्याकडे जाते. सेल्फ दणकून फिरतोय, इंजिन काही दाद देत नाही आणि दिव्याची कसलीच तक्रार नाही. यावरून बहुतेक जण असं धरून चालतात की कॉम्प्युटरच्या बाजूनं सगळं ठीक आहे, दोष असेल तर प्लगात नाहीतर पेट्रोलात. गॅरेजवालाही पुष्कळदा स्कॅनर लावतो, एकही कोड दिसत नाही म्हणून डोकं खाजवतो आणि सर्वात महाग भाग बदलून बघण्यापर्यंत येतो. दिव्याच्या गप्प बसण्याचा असा अर्थ काढणं चूक आहे. का चूक आहे, हे कळायला तो दिवा जन्माला कसा आला ते पाहावं लागतं. चालू न होणारी गाडी चालू करून देण्यासाठी तो कधीच बसवलेला नव्हता.

त्याचं मूळ लॉस एंजेलिसच्या धुरक्यात आहे. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलटेकमधले डच वंशाचे जीवरसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मित यांनी दाखवून दिलं की गाड्यांतून आणि कारखान्यांतून सुटणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं सूर्यप्रकाशात एकमेकांशी भिडतात आणि डोळे चुरचुरवणारं धुरकं तयार होतं. 1966 पासून कॅलिफोर्नियात नव्या गाड्यांच्या धुरावर मर्यादा आल्या. 1967 मध्ये बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन फोक्सवॅगन 1600 वर बसलं, तेही मुख्यतः या अमेरिकी नियमांत बसण्यासाठी. पुढे आलेल्या तिहेरी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनं अट आणखी कडक केली: हवा आणि पेट्रोल यांचं वजनी प्रमाण 14.7 ला 1 च्या अगदी जवळ राहिलं तरच तो नीट काम करतो. ते प्रमाण क्षणोक्षणी राखणं साध्या कार्बोरेटरच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यासाठी ऑक्सिजन सेन्सर आला आणि त्याचं ऐकून इंधन कमीजास्त करणारा कॉम्प्युटरही आला. इथून एक नवीच अडचण उभी राहिली. ऑक्सिजन सेन्सर मेला तरी गाडी चालते. थोडं पेट्रोल जास्त खाते, धूर घाण होतो, पण चालवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही आणि लागला तरी खर्च करायची त्याला घाई नसते. चालकाला जाणवत नाही असा बिघाड त्याला दिसला पाहिजे, म्हणून दिवा. 1988 च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियानं तो सक्तीचा केला. चालू न होणाऱ्या गाडीचा प्रश्न या विचारात बसतच नाही: जी गाडी उभी आहे ती धूरही सोडत नाही, आणि तिचा बिघाड मालकाला सांगायला दिव्याची गरज नाही.

यावर हरकती घेता येतात आणि त्या फुसक्या नाहीत. जनरल मोटर्सच्या गाड्या 1981 मध्येच, म्हणजे सक्तीच्या कितीतरी आधी, दिवा मिचकावून कोड सांगत होत्या. फोक्सवॅगननं तर 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला खास वर्कशॉपसाठी गाडीत तपासणीचं सॉकेट दिलं होतं. पण जनरल मोटर्सचा तो कॉम्प्युटर 1981 च्या धूरमर्यादा पाळण्यासाठीच आला होता. कोड ही त्याच्या देखभालीची सोय. फोक्सवॅगनच्या सॉकेटला कायद्याचा आधार नव्हता आणि त्याचा वंश वाढला नाही. तिसरी हरकत मोटरसायकलींची आहे आणि तीच सर्वात वजनदार. कावासाकीनं 1980 मध्ये झी1000 वर इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणलं, नंतर होंडानं आपल्या इंजेक्शनच्या गाड्यांना लांब-आखूड मिचकाव्यांची भाषा दिली: लांब मिचकावा म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. अशा स्वनिदानाची युरोपातली सक्ती मात्र नव्या मॉडेलांना 2016 मध्ये युरो 4 या धूरनियमांबरोबर आली. म्हणजे दुचाकीवर दिवा कायद्याच्या आधी पोचला, हे मान्यच करायला हवं. पण तो आला मोटारीच्या तयार विचारासकट. तेच सेन्सर, तेच प्रश्न: तार तुटली आहे का, कुठे शॉर्ट आहे का, व्होल्टेज ठरलेल्या हद्दीत आहे का.

आपल्याकडची गोष्टही याच वळणाची. हिरो होंडानं 2006 मध्ये इंजेक्शनची ग्लॅमर आणली, बजाजनं 2007 मध्ये पल्सर 220, आणि दोनच वर्षांत ती पल्सर पुन्हा कार्बोरेटरवर गेली. गिऱ्हाइकाला इंजेक्शन हवं होतं असं यावरून तरी म्हणवत नाही. 1 एप्रिल 2020 च्या बीएस-6 या धूरनियमांनी चित्र पालटलं. तेव्हा सक्तीचा झालेला स्वनिदानाचा पहिला टप्पा मुख्यतः वायरिंगपुरता होता. 2023 च्या दुसऱ्या टप्प्यात इंजिन मिस करतंय का, ऑक्सिजन सेन्सर मंदावलाय का हेही पाहिलं जाऊ लागलं. या दोन्ही चाचण्यांना इंजिन चालू असावं लागतं.

गाडी चालू होत नसताना कॉम्प्युटरला कळतं तरी काय? क्रँक फिरतोय हे त्याला पल्सर कॉइल सांगते. त्या कॉइलचा सिग्नल आला नाही तर कॉइल मेली की इंजिनच थांबलेलं आहे, हे निव्वळ त्या शांततेवरून ठरवता येत नाही. जनरल मोटर्सच्या जुन्या यादीतला कोड 12 नेमका हाच होता, ‘फिरण्याचा सिग्नल नाही’. बंद इंजिनावर तो दिसणारच. मेकॅनिक त्यावरून एवढंच ओळखायचे की कोड सांगणारी यंत्रणा जिवंत आहे. पेट्रोलचंही तसंच. इंजेक्टरच्या कॉइलमधून वीज जाते की नाही ते कळतं, पण बहुतेक मोटरसायकलींत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सर नसतो. पंप थकून तीन बारच्या जागी एक बार देत असला तरी दिव्याच्या लेखी सगळं आलबेल. बॅटरी उतरत असेल तर सेल्फ दाबताच व्होल्टेज इतकं कोसळतं की कॉम्प्युटर स्वतःच क्षणभर झोपतो, आणि झोपलेला कोड लिहीत नाही. कार्बोरेटरची गाडी अशा वेळी धक्का मारून निघायची. इथे बॅटरी पुरती उतरली असेल तर धक्क्यानंही भागेलच असं नाही, कारण पंपाला, इंजेक्टरला आणि ठिणगीलाही वीज हवी. उलट गाडी आडवी झाल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर कधीकधी गाडी उभी केल्यावरही अडून बसतो. तो आपलं कामच करत असतो, म्हणून पुष्कळ गाड्यांत त्याची बिघाड म्हणून नोंदही होत नाही. चावी एकदा बंद करून पुन्हा फिरवली की प्रश्न मिटतो.

म्हणून स्कॅनर फेकून द्यावा असं नाही. कोड आला तर तो मोलाचा, तासाभराचं काम वाचवतो. प्रश्न फक्त कोड न येण्याचा आहे, आणि तिथे जुन्या मिस्त्रीचाच क्रम चालतो, एक पायरी वाढवून. आधी व्होल्टमीटर बॅटरीला, सेल्फ दाबून धरताना काटा दहाच्या खाली जातोय का बघायला. मग किल स्विच, साइड स्टँड, क्लचचा स्विच. मग चावी फिरवून टाकीशी कान: पंपाची दोनेक सेकंदांची घूं येते का. ती आली तरी तेवढ्यावर भागत नाही, पंप फिरणं वेगळं आणि दाब देणं वेगळं, तेव्हा इंजेक्टरच्या नळीवर प्रेशर गेज. मग प्लग काढून ठिणगी, आणि शेवटी कॉम्प्रेशन.